कोथिंबीर : एक वीरगाथा

सोमवार, ३ मार्च. सकाळी ११.१०

शब्दकोशाच्या ऑफिसात आज पहिला शब्द मिळाला. कोथिंबीर. संपादकबाई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत अर्थ, व्युत्पत्ती आणि वापराचं एक वाक्य द्या. शिकाऊ दोघे आणि जागा एक, तेव्हा नोंदी बघूनच कोणाला कायम करायचं ते ठरवू. पाच दिवस! एका शब्दाला! दुपारपर्यंत उडवतो.

दुसरी शिकाऊ म्हणजे शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली. तिला 'धने' मिळालेत. बिचारी. तिला आत्ताच सॉरी म्हणून ठेवलं.

दुपारी ४.००

घाई नको. मोठी कामं सावकाश होतात. मधे डुलकी लागली, पण विषय डोक्यात होता.

मंगळवार, ४ मार्च

फील्डवर्क. भाजीवाल्या मावशींना विचारलं, कोथिंबिरीला कोथिंबीर का म्हणतात? त्या म्हणाल्या, मग काय भाऊजी म्हणायचं? मागची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. लोकांना संशोधनाची सवय नाही.

नमुना म्हणून एक जुडी आणली. घरी कळलं, मेथी आहे. आई म्हणाली, शब्दकोश लिहितोयस ना रे बाळा? लिही हो, असाच लिही.

बुधवार, ५ मार्च. सकाळी

इंटरनेटवर मोठा शोध. इंग्रजी 'कोरिअँडर'चं मूळ म्हणे ग्रीक भाषेतल्या ढेकणात आहे, वासावरून. निदान काही जण तसं मानतात. नाश्त्याला सगळ्यांना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. ताईने एकेक हिरवं पान वेचून माझ्या ताटात टाकलं. आईने घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात घातल्या.

ज्ञानाचा समाजावर परिणाम होतो तो असा.

संध्याकाळी ६.३०

सुचली! व्युत्पत्ती सुचली! कोथिं + बीर. बीर म्हणजे वीर, उघड आहे. म्हणजे कोथी नावाचा कोणी वीर असणार. हिरव्या वेषात लढायचा. शत्रूने त्याला बारीक चिरला. जिथे जिथे तो सांडला तिथे तिथे... अंगावर काटा आला.

ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग पनीर आणि अंजीर कोण, त्याचे चुलतभाऊ?

जळते. पण मुद्दा टिपून ठेवला.

गुरुवार, ६ मार्च

बत्तीस पानं. हात मोडून आला.

जेवणाच्या सुट्टीत चष्मेवालीने एक जाडजूड संस्कृत कोश माझ्यापुढे उघडा ठेवला. बोट ठेवून म्हणाली, हे बघ, कुस्तुंबरी. त्यावरून कोथिंबीर. माझे धने धान्यकावरून आलेत. पाच मिनिटांचं काम आहे रे, लिहून टाक. मी तिला समजावलं की इतकं सोपं असतं ते खरं नसतं. ती म्हणाली, बरं बाबा, तू आणि तुझा वीर, सुखाने नांदा.

तिची नोंद चार ओळींची आहे. चार! उद्या रडणार बिचारी. रुमाल घेऊन जातो.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी ३.००

सादर केली. एकेचाळीस पानं, रणांगणाच्या नकाशासह. बाईंनी पहिलं पान वाचलं. मग शेवटचं. मग खिडकीबाहेर बघत बसल्या. भारावल्या असाव्यात. म्हणाल्या, हा वीर तुम्हाला भेटला कुठे? मी म्हणालो, त्यावर संशोधन चालू आहे. म्हणाल्या, आणि वापराचं वाक्य?

तेवढं एक राहिलंय.

निकाल सोमवारी सांगते म्हणाल्या. लक्षण उत्तम! नाहीच म्हणायचं असतं तर सोमवारपर्यंत कशाला थांबल्या असत्या?

सोमवार, १० मार्च

चष्मेवाली कायम झाली. पेढे नाहीत, पण सगळ्यांना कॉफी पाजली. मलाही. साखर जरा जास्तच घातली होती.

माझी शिकाऊ मुदत तीन महिन्यांनी वाढली. म्हणजे सोडायला तयार नाहीत. कुस्तुंबरी आता तिच्याच नोंदीत गेली. वीराला जागा नाही म्हणाल्या बाई, कोश आहे, रणांगण नाही. पण माझी नोंद छापून येणार आहे! बाईंनी समोर बसवून माझ्याकडूनच लिहून घेतली. प्रूफ आत्ता हातात आहे :

कोथिंबीर – पाहा : धने.

यातला 'कोथिंबीर' बाईंनी दिलेला. 'धने' चष्मेवालीचे. 'पाहा' मात्र पूर्णपणे माझा.

म्हणजे, मी 'बघा' लिहिलं होतं.