काचघरातला मोगरा

आई, तू न पाहिलेल्या तुझ्या नातवानं परवा मला इथं इंग्लंडातल्या एका जुन्या जमीनदाराच्या वाड्याची बाग दाखवायला नेलं. तिकीट काढून आत सोडतात. माहिती सांगणारी बाई माझ्याच वयाची. कौतुकानं सांगत होती, की वाड्याचा मालक निजामाच्या दरबारी साहेब होता, परतताना हैदराबादेहून पेट्या भरभरून रोपं घेऊन आला आणि ती थंडीनं मरू नयेत म्हणून त्यानं हे काचेचं घर बांधलं. आत पाऊल टाकलं आणि वासानंच थबकले. मोगरा! झाड फुलांनी लगडलेलं आणि खाली सुकलेल्या फुलांचा सडा. कुणी तोडतच नाही गं! जीव कळवळला माझा. आणि एकदम आपल्या कंधारची सकाळ. तू पदर खोचून शेजारच्या डॉक्टरांच्या कुंपणाशी उभी आहेस, परडी माझ्या हातात. मी कुजबुजते, "आई, कुणी बघंल की." तू म्हणतेस, "बघू दे. देवाच्या फुलाला चोरी म्हनत न्हाईत, माय. फकस्त झाड मोकळं करू नको, दोन फुलं त्याला ऱ्हाऊ दे."

मी इथंही तसंच केलं. दोन ठेवली, बाकीची पदरात घेतली. पोरगं "आई, अगं!" म्हणून ओरडलं, कानापर्यंत लाल झालं. ती बाई जवळ आली. रागावली नाही, कशासाठी तोडलीत एवढंच विचारलं. देवासाठी, म्हटलं असतं तरी भागलं असतं. जन्मभर लातूरला पोरांना इंग्रजी शिकवलं, तेवढं नक्की जमलं असतं. पण मी काय बोलले? "माफ करा, माझी आई अडाणी होती, तिची ही सवय." अगदी शुद्ध इंग्रजीत. बाई हसून असू द्या म्हणाली. झाडंच्या झाडं उचलून आणणारा साहेब तेवढा शौकीन, आणि चार फुलं तोडणारी तू अडाणी! तेही पोटच्या लेकीच्या तोंडून. फार लाज वाटते गं.

हे पत्र खरं तर तुझ्या नातवाला वाचायला द्यायला हवं. देणार नाही, घडी करून बॅगेत तळाशी ठेवीन, मी मला ओळखते. आजवर त्याला मी तुझ्याविषयी काहीच सांगितलं नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "आजी खरंच अडाणी होती?"

मी 'हं' म्हणाले.