घार माझं ऐकते

३ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. कुणाला वाचायला द्यायचं नाही, म्हणजे खरं लिहिता येईल. खरं हे की शिकारी पक्ष्यांबद्दल लोकांना जागं करणारा जखमी पक्ष्यांच्या या केंद्रात मी एकटाच आहे. बाकीचे नुसते पिंजरे धुतात.
विजेच्या तारेला धडकलेली एक घार आली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिन्याभरात बरी होईल, मग सोडू. तोवर तिला माणसाचं तोंडसुद्धा दिसता कामा नये. मी मान डोलावली. पण माझ्या भाषणात स्लाइड लावली की पब्लिक जांभया देतं. मला खरी घार हवी.

९ जानेवारी
रोज लिहिणं जमलं नाही. व्याप फार.
डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या की सराव. शिट्टी वाजवायची, हातमोज्यावर कोंबडीचा तुकडा दाखवायचा. आज तिने मनगट फोडलं. ओळख नवी आहे, लाजते.

२० जानेवारी
शिट्टी वाजवली की येते. कुठूनही. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, घरात कुणी ऐकत नाही म्हणून आता पक्षी पकडलात का. तिचं बोलणं मी मनावर घेत नाही. दुपारी जेवलो नाही, ते वेगळ्या कारणाने.

२ फेब्रुवारी
शेजारच्या शाळेत कार्यक्रम. विषय: रानटी पक्ष्यांना खायला घालू नका. घारीला तुकडे भरवत भरवत मुद्दा छान पटवून दिला. वीस मिनिटं ठरली होती, सव्वा तास बोललो. कुणी जागचं हललं नाही. पीटीच्या सरांनी दाराला कडी घातली होती, पण ती शिस्त म्हणून.
एका मुलीने विचारलं, काका, हिला कधी सोडणार? म्हटलं, प्रश्न चांगला आहे, वेळ संपली.

१८ फेब्रुवारी
कुणीतरी चुगली केली. डॉक्टरीणबाई नको नको ते बोलल्या. म्हणे पंख केव्हाच बरा झाला, पण आता माणूस दिसला की ही तोंड उघडते. म्हणे मी तिला भिकेला लावली. आता काही महिने माणसांपासून लांब ठेवून पोट भरायला शिकवावं लागेल, तशीच सोडली तर जिवाला मुकेल.
जळतात. टाळ्या मला पडतात ना.

३ मार्च
डॉक्टरीणबाई रजेवर, आई आजारी आहे त्यांची. केंद्राच्या साहेबांना भेटलो. घारीला सगळ्यांदेखत सोडायचा समारंभ करू म्हटलं. साहेबांनी विचारलं, तयार आहे का ती? म्हटलं, शंभर टक्के.

७ मार्च
शाळेच्या मैदानावर समारंभ. हात उंचावून घार उडवली. एक गिरकी मारून परत माझ्याच हातावर. लोक गहिवरले. पुन्हा उडवली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा हातमोजा पाठीमागे लपवून गाडीत जाऊन बसलो आणि काच वर केली. ती बॉनेटवर बसून आत बघत राहिली. हॉर्न वाजवल्यावर उडाली. कार्यक्रम यशस्वी.

१२ मार्च
पीटीच्या सरांचा फोन. खेळाच्या तासाला शिट्टी वाजवली की घार खाली येते, पोरं घाबरतात. म्हटलं, तुमच्या शिट्टीत दम आहे. कौतुकाचंही यांना वावडं. शिट्टीशिवाय तास घ्या म्हटलं तर फोन आपटला. उद्या नक्की जातो.

१६ मार्च
जायला जमलं नाही. लेख लिहीत होतो.
काल सरांनी शिट्टी वाजवली आणि घार एका मुलाच्या खांद्यावर उतरली. नखं लागली, पोरगं रडायला लागलं. सरांनी हातातली हॉकी स्टिक हाणली. नंतर घार पायाखाली पडली तरी हाणली. लोकांत अजून जागृती नाही. सर माझ्या भाषणाला पूर्ण वेळ होते, याचं फार वाईट वाटतं.

१७ मार्च
रजेवरून परतलेल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः केंद्रात बोलावलं. शेवटी किंमत कळली म्हणायची. हातमोजा घेऊनच गेलो.
म्हणाल्या, शाळेतून घार आणलीय, हाडांचा भुगा झालाय, हाल बघवत नाहीत, इंजेक्शन द्यायचंय. आमच्यापैकी कुणाला हात लावू देत नाही, तुम्ही धरा.
धरली. लगेच शांत झाली. मी म्हटलं, बघा. त्यांनी सुई भरली.
घार चोचीने माझी मूठ उघडायला बघत होती. आज तुकडा आणायचं राहून गेलं होतं. सुई आत गेली तरी ती मूठच उघडत होती. मग थांबली.
घरी बायकोने विचारलं, मूठ अजून का मिटलेली. म्हटलं, मोजा घट्ट आहे.