कडक सीताफळं

१८ ऑक्टोबर
सुंदरबाई रडत नाहीत! लेक शिकायला लांब निघते, आई पाटोद्याच्या स्टँडवर ढसाढसा रडते — हा माझ्या शॉर्टफिल्मचा शेवट. सुंदरबाई खरंच तिथं सीताफळं विकतात, म्हणून तर आईचं काम त्यांना दिलं. सात टेक झाले. ग्लिसरीनही लावून घेईनात. "पाटीम्होरं रडू का? गिऱ्हाईकाला वाटंल माल सडका हाय."

१९ ऑक्टोबर
कॉलेजातून सरांचा फोन. रडणं नाही तर शेवट नाही, बाई बदल. स्पर्धेची शेवटची तारीख पंचवीस. बाई बदलणार नाही, म्हटलं. सरळ म्हटलं!

२० ऑक्टोबर
चूक माझीच. लेकीच्या पिशवीत मी पिकलेली, टपोरी सीताफळं भरली होती — कॅमेऱ्यात छान दिसतात. सुंदरबाईंनी शॉट चालू असतानाच पिशवी पाटीत उलटी केली. "पिकलेली काहून देता? वाटंतच फुटतील. लांब जाणाऱ्या लेकीला कडक द्यावी. तिकडं गेल्यावर रोज एक पिकती. चार दिस तरी आईच्या हातचं खाती."

मी तिथंच पायरीवर बसले. जन्म गेला याच मुलखात, वर डायरेक्टर म्हणवते — आणि हे मला सुचू नये? शेवट बदलायचा. कॅमेरा सांभाळणारा मतीन वैतागला. स्क्रिप्ट लॉक झाली होती, हा तिसरा बदल, म्हणाला. गरज पडली तर चौथाही करीन.

२१ ऑक्टोबर
एकच टेक! एसटी सुरू झालेली. सुंदरबाई पिशवीतली पिकलेली काढतात, कडक भरतात, एकेक दाबून बघत. ड्रायव्हर हॉर्न मारतो तरी घाई नाही. मी कट म्हणायचंच विसरले. रडू आलं ते मला.

२२ ऑक्टोबर
सरांना पाठवलं. उत्तर — "बघू." बघा.

२३ ऑक्टोबर
सुंदरबाईंना मोबाईलवर शेवट दाखवला. दोनदा पाहिला. मग हळूच विचारलं, "ही फिलम नांदेडला दिसंल का? माझी लेक तिकडं हाय म्हणतेत. गेली तवा मी बाजारात व्हते. सांगून न्हाई गेली."

स्पर्धा गेली उडत. आधी नांदेड.