अनसा म्हणं

४ फेब्रुवारी
सुनंदा, मागची वही कुठं ठेवलीस ते आठवतंय का? न्हाई ना. सासूनं सांगितलेलं तेवढं बरं विसरतेस. आता नव्या वहीत लिही. मी ‘हाय’ म्हणते, तू ‘आहे’ लिहितेस. लिही, सासू शिकल्यासारखी वाटते.
आज मुंबईहून गाण्याच्या कंपनीचा माणूस इथं कोरेगावला आला. माझं हळदीचं गाणं कुणा पोरीनं नव्यानं म्हटलंय, फोनवर सारखं वाजतंय. रॉयल्टी रचणारीला द्यायची. पण आष्ट्याहून पत्र आलंय, गाणं आमच्या अम्मीचं. म्हणजे हसीनाच्या लेकीचं, शमीमचं पत्र. हसीना सांगलीला हळद निवडताना माझ्या शेजारी बसायची.
माणूस हसला. “आजी, शेवटच्या ओळीत तुमचंच नाव आहे की. आणखी पुरावा काय हवा?”
पिवळं झालं हात, हळद न्हाई लग्नाची
अनसा म्हणं बाई, ही तर रोजगाराची.
मी त्याच्या कागदावर अंगठा दिला.

५ फेब्रुवारी
शाई जाईना. दगडानं घासली. सांगलीत हात कायम पिवळे, ते कधी झाकले नाहीत. आज अंगठा पदरात धरून बसले.
लिहिता लिहिता तू विचारलंस, “आत्ती, तुमचं नाव अनुसया. समदे अनुबाई म्हणत्यात. अनसा कोण म्हणतं?”
म्हटलं, भाकरी करपली बघ. चुलीवर भाकरी नव्हती.

७ फेब्रुवारी
दोन दिवस तू काही विचारलं नाहीस. त्यापेक्षा विचारलेलं परवडलं. लिही, मान वर करू नकोस.
हसीनाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्याच आठवड्यात सुपात हळद पाखडता पाखडता तिनं गाणं रचलं, हसत हसत. ओळ होती “हसीना म्हणं बाई”. आम्ही साऱ्या म्हणायचो.
मग एकदा रेडिओवाले आले. हसीना आईच्या दुखण्याला आष्ट्याला गेलेली. त्यांनी मला म्हणायला लावलं. शेवटच्या ओळीला आले, आणि...
कुणी सांगितलं नव्हतं गं. अनुसया बसेना, म्हणून स्वतःचं नाव कापलं आणि तिच्या जागेत बसवलं. हसीना, अनसा. अक्षरं तीनच. अक्षरओळख नसलेली बाई मी, पण तेवढं बरोबर मोजलं.
गाणं रेडिओवर लागलं तेव्हा ती परत आली होती. चहाच्या गाड्यापाशी साऱ्यांसंगं उभी राहून ऐकलं. मला एवढंच म्हणाली, “अनू, अगं नाव लय तोकडं केलंस की.”
दुसऱ्या दिवशी सूप घेऊन पलीकडच्या ओळीत बसली. मी बोलवायला गेले नाही. उद्या जाईन म्हटलं. त्या उद्याला सून आली, नातवंडं झाली.

९ फेब्रुवारी
तुला त्या माणसाला फोन लावायला लावलं. अंगठा परत द्या म्हटलं. म्हणतो, “आजी, अंगठा परत मिळत नाही. नवा कागद करावा लागेल. दोघींनी समोरासमोर सही करायची.”
समोरासमोर. कागदाची भीती नाही मला.
पोरगा म्हणाला, “आई, झालं गेलं. आता कशाला उकरतीस?” त्याच्या बारशाला हेच गाणं मिरवून म्हटलं होतं मी.

१० फेब्रुवारी
शमीमला फोन केला. कोरेगावची अनुबाई बोलतेय म्हटलं. ती म्हणाली, “अम्मी आता लय बोलत न्हाई. ऐकती तेवढं. बोला.”
मी गाणंच म्हटलं. शेवटची ओळ हसीनाच्या नावानं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आवाज फाटला, पण नाव बसलं. तिथलंच होतं ते.
पलीकडं कुजबुज. मग शमीम म्हणाली, “अम्मी इचारती, अनसा कुठं गेली?”
चेष्टा केली का खरंच इचारलं, कळलं नाही. मी फोन तुझ्या हातात दिला.

१२ फेब्रुवारी
शमीमचा निरोप. “या म्हणत न्हाई. येऊ नका बी म्हणत न्हाई.”
पोरगा उद्या टेम्पो घेऊन सांगलीला जातोय, वाटेत आष्ट्याला थांबेल. सुनंदा, हे मात्र विसरू नकोस. कंदी पेढे नकोत, आनंदाची गोष्ट नाही ही. आपला वाळवलेला वाघ्या घेवडा पाठव, हसीनाला आवडायचा. खडा राहायला नको, सुपात मीच निवडते. आणि शिजवून नको, कच्चाच पाठव. परत धाडावासा वाटला तर तिला धाडता आला पाहिजे.