काकांचा सोलो आणि माझी मान

शनिवार, १४ मार्च, सायंकाळी ५.४०
कलाकेंद्राच्या मागच्या खोलीत बसून बेस गिटारच्या तारा पुसत आहे. (इथे एरवी चित्रकलेचा क्लास भरतो. स्टुलाला हिरवा रंग होता. आता पँटला आहे.) साताला आमच्या जॅझ फ्यूजन बँडचा कार्यक्रम. सॅक्सोफोनवाले काका छातीच्या दुखण्यातून उठून आज सहा महिन्यांनी वाजवणार. काकू पहिल्या रांगेत.

मंचावरच्या खांबामुळे ड्रमरला काका दिसत नाहीत. म्हणून सोलो संपला की काका माझ्याकडे बघणार, मी ड्रमरकडे बघून मान हलवणार, मग सगळे पुन्हा मूळ चालीवर. हे काम बँडमधल्या सर्वात सावध माणसाला दिलं आहे.

संकल्प: एकही चूक नाही.

रविवार, १५ मार्च, सकाळी ७.१०
कार्यक्रम उत्तम. शेवटी लोक उभे राहिले. काही जण बससाठी, पण राहिले.

एक किरकोळ गोष्ट. काकांचा सोलो ऐन रंगात असताना ताई आली. उशिरा. पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून, बसू का, असं खुणेनं विचारलं. मी मान हलवली. ड्रमरनं धाडकन सगळ्यांना मूळ चालीवर आणलं. काकांचा सूर वर गेला होता, तो वरच राहिला. त्यांनी सॅक्सोफोन खाली घेतला आणि काकूंकडे बघून हसले.

चूक ताईची. वेळेवर यायला काय होतं?

दुपारी १२.३०
ताईला तसं सुनावलं. ती म्हणाली, शहाण्या, बँडमध्ये तू आहेस की मी? तू तर टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईलासुद्धा मान हलवतोस.

अतिशयोक्ती. जेवलो नाही. भूक नव्हती, दुसरं काही नाही.

सोमवार, १६ मार्च, सकाळी ११.१५
छपाईच्या दुकानात ड्रमरचा फोन. काका त्याला म्हणाले, माझा दम पुरत नाही हे तुम्ही पोरांनी ओळखलंत, बरं केलंत. आता सॅक्सोफोन विकून टाकतो. ड्रमर म्हणाला, अरे, मला तर छान वाटत होतं, तुला काय ऐकू आलं? मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो.

गिऱ्हाईक नव्हतं.

उद्या काकांना स्पष्ट सांगणार.

मंगळवार, १७ मार्च
तोंडी नको. पत्र बरं. चार मसुदे केले. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं.

गुरुवार, १९ मार्च
पत्र फारच चांगलं उतरलंय. वाचून काकांना त्रास होईल. छातीचं दुखणं आहे. त्यांच्या तब्येतीचा विचार कुणीतरी करायला हवा.

शनिवार, २१ मार्च, सायंकाळी ५.००
गेलो! कार्यक्रमाच्या दानपेटीत जमलेल्या पैशांतला काकांचा वाटा पोचवायचं निमित्त होतं. काकूंनी दार उघडलं. म्हणाल्या, बरं झालं आलास, आठवडाभर धड बोलत नाहीत. सॅक्सोफोनची पेटी दाराशीच. उद्या एक जण घेऊन जाणार आहे.

काका म्हणाले, बस. मग म्हणाले, एक विचारतो, खरं सांग. माझा दम तुटत होता म्हणूनच थांबवलंस ना?

वाक्य तयार होतं. नाही काका, मी ताईला खूण केली. सुरुवात करण्याआधी, प्रश्न नीट समजला एवढं दाखवण्यासाठी, मी मान हलवली.

काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, बाकीचे सगळे गोड बोलले रे. खरं तू एकट्यानंच सांगितलंस.

काकू आत गेल्या. मी चहा घेतला. साखर नव्हती. मागितली नाही.

सायंकाळी ६.२०, बसमध्ये
खर्च: बस ४०, सफरचंदं ६०, पत्राचा जाड कागद १२. एकूण ११२.
देणं: काकांचा वाटा २१०. पाकीट माझ्याच खिशात राहिलं. पत्रही त्यातच आहे.