पाय की पंख

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

महिन्याभरापासून आमच्या लॉन्ड्रीत एक गंमत चाललीय. इस्त्रीच्या खोलीत वाफेआड, कोपऱ्यात कुणीतरी उभं असतं. तू लहानपणी हडळीचे सांगायचीस तसे मला तिचे उलटे पाय दिसतात आणि मी तू शिकवलेलं स्तोत्र पुटपुटते. शेजारी इस्त्री करणारी दुसऱ्या मुलखातली आहे. तिला पंख दिसतात. तिच्या आईने तेच सांगितलेलं. मी तिच्या घरी जन्मले असते तर मलाही पंखच दिसले असते, नाही का?

काल कपड्यांच्या घड्या घालायला नवी मुलगी आली. तिच्या घरी ना देव, ना भूत. ती कोपऱ्याकडे बघून सहज म्हणाली, "ती दमलेली बाई कोण गं? डाव्या भुवईवर जुन्या खोकेचा वण असलेली? सारखी तुझ्याकडेच बघतेय."

मी हसण्यावारी नेलं. पण आई, वण अगदी तुझ्यासारखा, आणि तुझा फोटो मी इथे कुणालाच दाखवलेला नाही.

तुझा गुडघा कसा आहे? दादाच्या बाळाला दात आले का? आणि महिनाभर सगळी पत्रं बाबांच्याच अक्षरात का येतायत?

दोनच ओळी लिही, पण तू लिही.

तुझंच,
शेंडेफळ