तीन मोटरींचं विमान आणि आईचा नारळ

१२ ऑक्टोबर, शनिवार
आईला नागोयाला येऊन तीन आठवडे झाले नाहीत, तोच तिला परत जायचंय! बाबा गेल्यापासून कोथरूडला एकटीच असते. राहा म्हटलं तीन महिने. तर म्हणे, इथे माझं कुणाला काय काम? नातीशी बोलायला जावं, तर नुपूर उत्तर जपानीत देते. कार्टी!

१५ ऑक्टोबर
माझं कॅप्रोनी जवळजवळ तयार. दोन महायुद्धांच्या मधलं इटालियन विमान — टपाल, प्रवासी, पेशंट, पडेल ते काम करणारं. माझं मॉडेल बाल्सा लाकडाचं, तीन छोट्या मोटरींचं. रविवारी क्लबात उडवायचं. आईलाही नेणार. तेवढीच रमेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार
वाट लागली!
कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून सेल घेऊन आलो, तर बाल्कनीत विमानाला स्वस्तिक, हळदीकुंकू, झेंडूचा हार. आई म्हणे, नवीन वाहन पूजेशिवाय कसं बाहेर काढायचं! चाकांखाली लिंबंसुद्धा. विमान इतकं हलकं की लिंबं चिरडलीच नाहीत, विमानच त्यांच्यावर बसलं. वर नारळाचं पाणी शिंपडलेलं. पंखातल्या दोन्ही मोटरी बंद. नाकातली तिसरी अजून बसवायची होती, टेबलावर होती म्हणून वाचली.
मी ओरडलो. नको तितकं ओरडलो. जेवताना आई एवढंच म्हणाली, "सोमवारी माझं लवकरचं तिकीट बघ."
मला फार वाईट वाटतंय.

२० ऑक्टोबर, रविवार
सकाळी या विमानाचे जुने फोटो चाळताना उडालोच — कॅप्रोनी एका इंजिनाचंही होतं, दोनाचंही, तिनाचंही! पंखातल्या मोटरी काढून टाकल्या, नाकातली एकच बसवली. नुपूरने गोंद धरला.
मैदानावर क्लबचे अध्यक्ष इतो-सान आडवे आले. अचूकतेचे भारी कट्टर. अर्जात तीन इंजिनं, इथे एक? फोटो दाखवला. बराच वेळ पाहून मान झुकवली.
आणि उडालं! जरा डुगडुगत, पण उडालं. आई टाळ्या वाजवत होती.
मग इतो-सान नाकावरच्या कुंकवाबद्दल विचारू लागले. नुपूरने त्यांना काय काय सांगितलं देव जाणे. मग वळून चक्क मराठीत म्हणाली, "आजी, ते विचारतायत, माझ्या विमानाचीपण पूजा कराल का? तीनदा पडलंय."
आईने पदर खोचला. "करते म्हणावं. पाणी नाही शिंपडणार."

२१ ऑक्टोबर, सोमवार
तिकीट बघायला लॅपटॉप उघडला. आईने येऊन मिटला.
"पुढच्या रविवारी सात विमानं आहेत. नारळ आणून ठेव."